संशयात्म्याचा फैसला

महागाव तालुक्यातील फुलसावंगीच्या कोरडवाहू शिवारात, मृग नक्षत्र उलटत असता, कपाशी लावावी की सोयाबीन पेरावे हा विचार प्रत्येक शेतकऱ्यास पडतो. परंतु ज्याच्या मनाचा फैसला रात्री होऊन पहाटे रद्द होतो, आणि वाफसा निघून गेला तरी ज्याची तिफण जागची हलत नाही, त्यास आळशी ठरविणे हा घोर अन्याय होय.

संशयात्मा नाश पावतो, असे गीतेचा चौथा अध्याय बजावतो खरे. पण तो शिक्षेचा हुकूम नव्हे, करुणेने दिलेला इशारा आहे. विषण्ण अर्जुनास भगवंतांनी टाकले नाही. त्याच्याशी दीर्घ संवाद केला आणि अखेर निवड त्याच्याच हाती ठेवली. तोच संवाद १२९० साली नेवाशास ज्ञानेश्वरांनी मराठीत आणला.

मात्र अर्जुनाचा संशय अठराव्या अध्यायात फिटला. पण ज्याचा अनिर्णय हा आळस नसून व्याधीचे लक्षण असतो, त्याचा संशय तेथून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. विषण्णतेत किंवा मंत्रचळात लक्षणरूपाने येणारी ही अनिर्णयाची अवस्था औषधाने व मानसोपचाराने ओसरू शकते. म्हणून उपदेशाइतकाच इलाजही धर्म्य मानावा, आणि आप्तांनी न्यायाधीश न होता सारथी व्हावे.