गळालेली शिरोरेषा

सुरतेतल्या गोडादऱ्यात दुकानाची पाटी गुजरातीत, रिक्षावाल्याला हाक हिंदीत आणि घरातलं भांडण अहिराणीत. धुळे-जळगाव-नंदुरबारकडून ताप्ती लाइनने आलेली माणसं इथे लूमच्या खात्यात, साडीच्या मार्केटात कामाला लागली आणि पोरं मराठी शाळेत बसली. सुरत महापालिकेच्या शाळा सात माध्यमांतून चालतात. मराठी त्यातलं एक. शिवाय गुजराती विषय आहेच, २०२३च्या कायद्याने पहिली ते आठवी सक्तीचा.

गुजराती लिपीला शिरोरेषा नसते. त्यामुळे समजा, चौथीतल्या एखाद्याच्या मराठीच्या वहीत चार ओळी नीट आणि पाचवी वाऱ्याने पत्रे उडालेल्या घरासारखी उघडी. बाई लाल पेनाने प्रत्येक शब्दावर रेघ ओढतात आणि मधल्या सुट्टीत म्हणतात, ‘‘पोरं आळशी झालीत हो.’’

हे वाक्य मीही पुष्कळ वर्षं वापरलं आहे. सोयीचं असतं, पुढे काही करावं लागत नाही.

गुजरातेत मुख्याध्यापकांना आचार्य म्हणतात. आता आचार्यांपुढे दोन वाटा. एक, ‘शिरोरेषा सप्ताह’ साजरा करायचा. फलक, फोटो, वर अहवाल. दुसरी वाट फारच साधी. बाईंना विचारायचं : सगळ्यांचीच गळते का? रोज गळते, की गुजरातीच्या तासानंतर? फळ्यावरचं उतरवताना, की मनाने लिहिताना? एवढं विचारलं की गाऱ्हाण्याचा अभ्यास होतो. उत्तर मिळवायला पंधरा दिवस वह्या चाळाव्या लागतात आणि एका कागदावर रेघोट्या मारून मोजावं लागतं, बस्स. रोग्याचा ताप न मोजता त्याला आळशी म्हणणाऱ्या डॉक्टरकडे आपण दुसऱ्यांदा जाणार नाही. शिक्षकाला मात्र आपण ही मुभा देतो, आणि वर म्हणतो की या पेशाला मान राहिला नाही.

वह्या चाळून अशी उत्तरं शोधण्याला शास्त्रात कृतिसंशोधन म्हणतात. बी.एड.ला आम्हाला त्याचा अहवाल होता. मी तो आदल्या वर्षीच्या फायलीवरून उतरवला, फक्त शाळेचं नाव बदललं. चांगले गुण पडले. संशोधन म्हणजे स्पायरल बाइंडिंग, हा समज त्यानंतर बरीच वर्षं टिकला.

खरं संशोधन, सुरतेहून रेल्वेने मुंबईकडे निघालं की, वाटेत झालेलं आहे. ताराबाई मोडक राजकोटच्या बार्टन कॉलेजचं प्राचार्यपद सोडून १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. पुढे १९४५मध्ये त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, मग अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर. वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात. ‘यांना शिक्षणाची गोडी नाही’ असा शेरा मारून मोकळं होता आलं असतं. ताराबाईंनी मुलं कुठे असतात ते पाहिलं. ती अंगणात होती, म्हणून बालवाडी अंगणात गेली आणि अंगणवाडी झाली. थोडी मोठी मुलं गुरांमागे होती, म्हणून शाळा कुरणात गेली. तिचं नावच कुरणशाळा. गैरहजेरी हा त्यांच्या लेखी गुन्हा नव्हता, ती माहिती होती. वर्गातल्या शिक्षकाने संशोधक व्हावं, हे इंग्लंडात लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५ साली पुस्तकात मांडलं. तोवर कोसबाडला ते रोजचं काम झालं होतं.

गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातल्या मास्तरांकडे सगळ्यांचं लक्ष जातं. ते चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करतात. मला त्यातला शिक्षणाधिकारीही महत्त्वाचा वाटतो. त्याचा पुरता विश्वास नसतो, तरी तो एक वर्ग देऊन टाकतो. आचार्यांच्या हातात असतं ते इतकंच : परवानगी आणि वेळ. पैकी वेळ देणं अवघड. २०२०च्या शिक्षण धोरणात शिक्षकाने आणि मुख्याध्यापकानेही वर्षाला पन्नास तास स्वतःच्या शिकण्यासाठी द्यावेत असं लिहिलं आहे. ते बहुधा मोठ्या हॉलमध्ये, पडद्यावरची वाक्यं कुणीतरी वाचून दाखवत असताना सरतात. (चहा चांगला असतो, हे कबूल.) त्यातला एकेक तास शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्येच काढता येईल. ऑनलाइन माहिती भरणं त्या तासापुरतं बंद. टेबलावर फक्त वह्या.

अशा एखाद्या शनिवारी बाईंच्या लक्षात येईल की वहीभर शिरोरेषा गळलेल्या पोराने पुठ्ठ्यावर आपलं नाव मात्र पट्टी धरून, दोनदा गिरवून, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत सलग रेघेखाली लिहिलं आहे. मग त्या शेजारची वही ओढतील. तिसरी. आणि आचार्य रिक्षाची वेळ झाली असूनही उठणार नाहीत.