वहीत मुलाचा निवाडा नको

अंगणवाडीतल्या तीन-चार वर्षांच्या मुलाला 'लाजाळू', 'हट्टी', 'मारकुटा' अशी विशेषणे फार लवकर चिकटतात आणि पहिलीच्या वर्गापर्यंत त्याची पाठ सोडत नाहीत. पायाभूत स्तराच्या 2022 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तैत्तिरीय उपनिषदातल्या पंचकोशांचा, म्हणजे माणसाच्या पाच थरांच्या कल्पनेचा, आधार घेतला आणि या वयात परीक्षा नको, निरीक्षण हवे असे स्पष्ट सांगितले. परीक्षा गेली हे उत्तमच. पण निरीक्षणाच्या वहीत 'मूल इतरांत मिसळत नाही' असे लिहिले, तर निवाडा झालाच. म्हणून आधी तत्त्वज्ञानाचा प्रश्न सोडवावा लागतो: मिसळणे, वाटून खाणे, थांबणे हे मुलाच्या आत मुरलेले गुण आहेत, की माणसामाणसांत घडणाऱ्या गोष्टी?

कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी ज्या मावळात आहेत, तिथे या प्रश्नाचे एक जुने उत्तर हाताशी आहे. कोणतीही गोष्ट स्वयंभू नसते, ती कारणांच्या आधाराने उपजते, हा बौद्धांचा प्रतीत्यसमुत्पाद. ठाकर किंवा कातकरी वाडीवरची एखादी मुलगी गोलात गाणी सुरू झाली की दाराशीच बसून राहते; पण खिचडी वाढताना धाकट्या भावाची ताटली आधी पुढे सरकवते. गाण्यांची बोली तिच्या घरातली नाही, हे कारण ध्यानात घेतले नाही तर वहीत 'अबोल' एवढेच उरते. मग नोंद कशी असावी? त्यासाठी कार्ल्याच्या चैत्यगृहातले दानलेख पाहावेत: धेनुकाकटचा गंधिक (सुगंधी द्रव्यांचा व्यापारी) सिंहदत्त, त्याने दिलेले दान, बस्स. माणूस कोण, कुठला आणि त्याने काय केले, एवढीच नोंद; तो मनाने कसा होता, यावर शेरा नाही. मुलाची नोंदही अशीच असावी: केव्हा, कुठे, कोणासोबत, काय केले.

यावर पहिला आक्षेप असा की, निदान टाळले तर ऐकू न येणारे किंवा वाढीत मागे पडलेले मूल नजरेतून सुटेल. आक्षेप रास्त आहे, आणि त्यासाठीच 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत तपासणीला येतात. पण तिथे मदत कोणती द्यायची हे ठरते, मुलाची लायकी ठरत नाही. आणि 'हट्टी' या शेऱ्यापेक्षा 'मागून हाक मारल्यावर तीनदा वळली नाही' ही नोंदच डॉक्टरांच्या जास्त कामाची. दुसरा आक्षेप कर्मसिद्धांत मानणाऱ्यांचा: मूल संस्कार घेऊनच जन्मते, मग परिस्थितीला एवढे महत्त्व कशाला? ते मानले तरी पूर्वसंस्कार मोजण्याचे साधन कोणाकडेच नाही. आपल्या हातात असते ती फक्त भोवतालची परिस्थिती. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केल्यावर पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा मुलांना नावे न ठेवता बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. उणीव मुलांत नव्हती, जागेत होती.

तिसरा आक्षेप अंगणवाडी सेविकेच्या कामाच्या ओझ्याचा, आणि तो सगळ्यांत खरा. वजन-उंची, आहारवाटप, मोबाइलवरच्या नोंदी यांतून तिला उसंत नसते. म्हणून रोज सगळ्यांच्या नावांसमोर खुणा करत बसण्यापेक्षा दोघा मुलांबद्दल एकेक खरी ओळ पुरे. पर्यवेक्षिकांनीही भरलेले रकाने मोजू नयेत. त्या ओळीवरून सेविकेने मुलासाठी काय बदलले, एवढेच विचारावे.