ठिणगीची वेळ

मामांची अँबॅसडर १९७८ सालची. मामा गेले आणि गाडी गोठ्यात गेली. एकोणीस वर्षे तिच्या टपावर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या मी पाहत आलो. यंदा मामींनी मनावर घेतले. “दिवाळीला दारात तिचा आवाज होऊ दे, मग विका हवी तर,” त्या म्हणाल्या. मी पडलो मास्तर. कादंबऱ्या लिहितो, पण गाडीचे बॉनेट उघडायलाही मला दुसरा माणूस लागतो. तालुक्याहून मिस्त्री बोलावला, तो निघाला माझाच जुना विद्यार्थी. यात नवल नाही. पंचक्रोशीतले निम्मे लोक मी कधी ना कधी बाकावर उभे केलेले आहेत.

उंदरांची घरटी काढणे, टाकीतले विटलेले पेट्रोल उपसणे, सिलिंडरात तेल सोडून इंजिन हाताने मोकळे करणे, यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरची बॅटरी जोडली. प्लगला निळी ठिणगी आली. पेट्रोल आले, हवा आली, आणि तरी इंजिन बोलेना. कार्बोरेटरमधून एकदा फट्‌कन शिंकले, एवढेच.

“सगळं आहे, गुरुजी,” तो म्हणाला, “पण वेळेवर नाही.”

प्लगच्या तारा कुणीतरी मधल्या काळात अंदाजाने लावल्या होत्या. तो पहिल्यापासून बसला. पुढच्या पुलीवर एक खाच असते. ती ठराविक काट्यासमोर आली की पहिला पिस्टन माथ्याशी आला असे समजायचे. पण ही खूण दोनदा जुळते! पिस्टन दोनदा वर येतो. एकदा पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबायला आणि एकदा जळका धूर बाहेर लोटायला. यातला पहिला फेरा कोणता, हे खुणेला ठाऊक नसते. त्यासाठी त्याने मला पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा धरायला लावला आणि स्वतः हँडल फिरवले. हवेने अंगठा उडवला तेव्हा म्हणाला, “हा खरा.” मग तारा एक, तीन, चार, दोन अशा क्रमाने लागल्या.

ठिणगी मात्र पिस्टन माथ्यावर पोचल्यावर द्यायची नसते. पोचण्याआधी काही अंश द्यायची असते. मिश्रण जळायलाही वेळ लागतो ना! मिनिटाला ३००० फेरे धरले तर एक फेरा म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. फार लवकर दिली तर वर चढणाऱ्या पिस्टनच्या डोक्यावर तडाखा बसतो आणि इंजिन खटखटते. उशिरा दिली तर? मोठी मौज अशी की गाडी तेव्हाही चालते. फक्त ओढत नाही, तापते, पेट्रोल पिते, आणि जी आग कामाला यायची ती सायलेन्सरवाटे निघून जाते.

हे ऐकताना मला त्याची आठवीतली वही आठवली. ‘पावसाळा’ या निबंधात त्याने लिहिले होते : ‘पाऊस थांबतो तरी आमचे घर गळत राहते. त्याला थांबल्याचे उशिरा कळते.’ माझ्या चार कादंबऱ्यांत असे वाक्य नाही. मी त्याला दहापैकी सात गुण दिले आणि खाली लाल शाईने लिहिले, ‘शुद्धलेखन सुधारा.’ कौतुक वर्षअखेरीस करणार होतो. पोर शेफारू नये म्हणून. दिवाळीच्या सुटीत बापाने त्याला गॅरेजवर लावले.

मी चार शब्द बोललो असतो तर तो शाळेत राहिला असता, असे मी म्हणणार नाही. बापाचे कर्ज शाबासकीने फिटणारे नव्हते. आज त्याचे स्वतःचे गॅरेज आहे आणि मिळकत माझ्याहून अधिक. प्रश्न त्याच्या नशिबाचा नाही, माझ्या कर्माचा आहे. हेतू शुद्ध असला म्हणजे वेळेची चूक माफ होते, असे आपण किती सहज धरून चालतो! चांगुलपणा ही एक वस्तू आणि वेळ ही तिची नुसती वेष्टणाची दोरी, अशी आपली समजूत. मला आता तसे वाटत नाही. वेळ चुकलेले कौतुक हे कौतुकच नव्हे. ते मी स्वतःसाठी राखून ठेवलेले समाधान होते.

पण मग योग्य वेळ ओळखायची कशी? पुस्तकातला आकडा त्या काळच्या पेट्रोलसाठी. आपल्याकडे २००० सालापासून बिनशिशाचेच पेट्रोल मिळते. शिवाय वेग वाढला की ठिणगी आणखी आधी लागते. त्यासाठी डिस्ट्रिब्युटरच्या पोटात फिरती वजने असतात. माझ्या पोटात तशी काही सोय नाही. मी पुढच्या वर्गात घाईने स्तुती करीत सुटलो, तर दोन मुलांना खरोखरच वाया घालवीन!

त्याने पॉइंट घासून पंधरा-हजारांश इंचाची फट ठेवली. बल्बची एक तार पॉइंटला, दुसरी बॉडीला. डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवत राहिला. बल्ब लागला त्या क्षणी बोल्ट आवळू लागला. मी ते वाक्य त्याला म्हणून दाखवले.

पाना थांबला. “सात दिले होते तुम्ही,” तो हसून म्हणाला. “ते घर पाडलं, गुरुजी. स्लॅब टाकलाय आता.” मग पाना फिरवत म्हणाला, “हँडल मारा. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, उलटं मारलं तर मोडेल.”

तिसऱ्या झटक्याला गाडी पेटली. मामी पदर नाकाला लावून धुरात उभ्या होत्या. त्याने बॉनेटखाली कान नेला, डोळे मिटले.

“अजून जरा लेट आहे,” तो म्हणाला आणि पुन्हा बोल्ट सैल करू लागला.