पिठाचा कोंबडा आणि उभे पीक

देवाची आज्ञा एक सांगते आणि मन दुसरेच, अशा वेळी माणसाने कोणाचे ऐकावे? या प्रश्नावर कारंजा लाड या एकाच गावाने दोन गोष्टी जपल्या आहेत. एक दत्तसंप्रदायाची, दुसरी जैनांची. दोन्ही घडल्या किंवा लिहिल्या गेल्या त्या आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात. कारंज्यात जन्मलेले नृसिंह सरस्वती अखेरीस भीमा-अमरजेच्या संगमावर गाणगापुरात राहिले. त्याच मुलखातल्या मान्यखेटात, म्हणजे मालखेडला, दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळी पुष्पदंताने अपभ्रंशात ‘जसहरचरिउ’ रचले. जुनी हस्तलिखिते पिढ्यानपिढ्या सांभाळणाऱ्या कारंज्यातूनच हे काव्य 1931 मध्ये कारंजा जैन ग्रंथमालेत छापून निघाले. संपादक होते परशुराम लक्ष्मण वैद्य. कारंज्याचा मुलगा तिकडे गेला आणि तिकडचे काव्य कारंज्याला आले.

‘गुरुचरित्रा’च्या 47व्या अध्यायात पर्वतेश्वर नावाचा एक शेतकरी आहे. संगमावर जाणाऱ्या-येणाऱ्या गुरूंना, म्हणजे नृसिंह सरस्वतींना, तो रोज दंडवत घालतो. एके दिवशी गुरू त्याला सांगतात, मी माध्यान्ही परत येईन, तोवर हे सगळे पीक कापून टाक. जोंधळा अजून कच्चा आहे. शेतकरी विळा काढतो. बायको-पोरे आडवी येतात, त्यांना तो हुसकून लावतो. ती अधिकाऱ्याकडे धाव घेतात, तेव्हा सरकारी धान्य मी भरून देईन, अशी हमी तो देतो. गुरू परतल्यावर म्हणतात, अरे, आम्ही सहज बोललो होतो. पुढे अवकाळाने गावाची पिके गेली आणि कापलेल्या शेतात मात्र नवे धुमारे फुटून अपार धान्य आले.

पारायणाला बसलेल्याचा जीव या शेवटाने भांड्यात पडतो. शेवट ठाऊक असणे ही ऐकणाऱ्याची सोय आहे. विळा चालवणाऱ्याला ती नव्हती. ज्यांनी श्रद्धेने पीक कापले आणि ज्यांना धुमारे फुटलेच नाहीत, त्यांचे अध्याय कोणी लिहीत नाही. म्हणून चमत्कार बाजूला ठेवूनच या माणसाकडे पाहिले पाहिजे. त्याने स्वतःचे पीक कापले आणि सरकारदेणे अंगावर घेतले, इथवर तो थोरच आहे. पण त्या पिकावर बायको-पोरांचेही पोट होते आणि त्यांना त्याने विचारले नाही. पोथीने त्यांचा आक्रोश गाळला नाही, हे पोथीचे मोठेपण. आपण मात्र तो भाग भरभर वाचून पुढे जातो.

श्रीयाळ-चांगुणेच्या कथेत हाच प्रश्न अधिक क्रूर होऊन येतो. अतिथी होऊन आलेला शंकर त्यांच्या चिलया बाळाचे मांस मागतो आणि आई-बाप ते द्यायला तयार होतात. श्रीधराच्या ‘शिवलीलामृता’त हा बाळ स्वतःही मरणाला राजी असतो. देवाच्या आज्ञेवरून मुलाचा बळी द्यायला निघालेल्या इब्राहिमाच्या कथेचेही असेच आहे. बायबलमध्ये इसहाकाला शेवटपर्यंत काही सांगितले जात नाही. कुराणात बाप मुलाला स्वप्न सांगून त्याचे मत विचारतो आणि मुलगा होकार देतो. सांगणाऱ्यांना मुलाचा होकार हवासा वाटला, यातच सगळे आले. दुसऱ्याचा जीव आपल्या भक्तीची किंमत म्हणून मोजता येत नाही, हे भाविक कथाकारालाही आतून ठाऊक होते.

‘जसहरचरिउ’ याच्याही पुढे जाते. मारिदत्त राजा भैरवानंद नावाच्या कापालिकाच्या सांगण्यावरून चंडमारी देवीपुढे प्राण्यांच्या जोड्यांबरोबर माणसांचीही जोडी बळी द्यायला निघतो. त्यासाठी धरून आणलेला कोवळा साधक अभयरुची त्याला आपल्या मागच्या जन्मांची हकिकत ऐकवतो. तेव्हा तो उज्जयिनीचा राजा यशोधर होता. अरिष्ट टळावे म्हणून देवीला पशू बळी दे, असा आईने हट्ट धरला. जीवहत्येला तो तयार होईना. शेवटी तडजोड ठरली ती पिठाच्या कोंबड्याची. आईचा शब्द राहिला, जीवही वाचला. तरीही त्या एका कृत्यापायी मायलेक मोर, कुत्रा, मासा, बकरा अशा योनींतून फिरले आणि पुनःपुन्हा मारले गेले. एका जन्मात तर मासा झालेला यशोधर त्याच्याच नावाने घातलेल्या श्राद्धाच्या पानात वाढला गेला.

इब्राहिमाच्या कथेत ऐनवेळी बदली मेंढा येतो आणि सुटका होते. मध्वाचार्यांच्या अनुयायांनीही यज्ञात पिष्टपशू, म्हणजे पिठाचा पशू, चालवला आणि तो दयेचाच मार्ग होता. जैन कवी मात्र विचारतो, कणीक कापताना हात कशासाठी उचलला होता? जैन विचारात संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली, हिंसा सर्वांत जड मानली आहे. मायलेकांना मिळालेली ही शिक्षा मला आजही अवाजवी वाटते. तरी तिच्यातला इशारा खोटा नाही. जे अयोग्य आहे असे कळले, त्याची नक्कल करून देवाला आणि आईला एकदम खूश करणारा माणूस आपला विवेक गहाण टाकतो. गिरीश कर्नाडांना ‘हिट्टिन हुंज’ (पिठाचा कोंबडा) हे नाटक लिहावेसे वाटले, ते याच पेचामुळे.

आणखी एक. या कथांत आज्ञा देवाच्या नावाची असली तरी ती येते कोणाच्या तरी तोंडून: गुरूच्या, अतिथीच्या, आईच्या, कापालिकाच्या. तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने 1798 साली लिहिले, त्याचा आशय असा, की मुलाला मारू नये हे इब्राहिमाला निश्चित ठाऊक होते. ऐकू आलेला आवाज देवाचा आहे, हे मात्र निश्चित नव्हते. आपल्याकडे आज्ञेपेक्षा विवेक मानण्याचे हे तत्त्व कारंज्यापासून जवळच मूर्तिजापुरात काम उभे करणाऱ्या गाडगेबाबांनी ग्रंथाविना जगून दाखवले. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून त्यांनी गोडाचे जेवण घातले आणि जातभाईंचा रोष स्वतःवर घेतला. नक्कल करून वेळ मारून नेली नाही.

महाराष्ट्राने 2013 मध्ये नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्ध कायदा केला. इजा कोणाला झाली, हे कायदा विचारू शकतो. मनाने कशाला होकार दिला, हे त्याच्या कक्षेबाहेरचे आहे. ते ज्याचे त्याने विचारायचे. देवाच्या नावाने काही करायची वेळ आली, की श्रद्धावंताने एवढे तपासावे: हे सांगतो कोण, याची किंमत भरतो कोण, आणि भरणाऱ्याला आपण विचारले का. स्वतःचे पीक कापायचे असेल तर खुशाल कापावे. दुसऱ्याच्या ताटावर विळा चालवायला सांगणारी आज्ञा, मग ती कोणाच्याही तोंडून येवो, मोडण्यातच भक्ती आहे.