दारावरचा माणूस

पैसे परत करून माणसाला घालवून देणे हा त्याचा अपमान की सन्मान, हा प्रश्न माझ्या भाच्याने माझ्यापुढे आणून टाकला, त्याला आता पंचवीस वर्षे होऊन गेली. भाचा तेव्हा अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ शिकत होता. गणपतीच्या आरतीपलीकडे ज्याचा गळा आम्ही कधी ऐकला नव्हता, तो मुलगा तिकडे जाऊन 'हार्डकोअर पंक' नावाच्या संगीताच्या नादी लागला. सुट्टीत घरी आला तेव्हा त्यातले काही त्याने मला ऐकवले. दोन मिनिटांत गाणे संपले. मी म्हटले, "वाद्ये जुळवून झाली असतील तर आता सुरू करा म्हणावे." तो हसला नाही. त्या अर्थी प्रकरण गंभीर होते.

गाण्याविषयी आमचे मामाभाच्यांचे आजतागायत जुळलेले नाही. पण त्या गाण्याच्या दाराशी काय चालते, हे तो सांगू लागला की मी कान देऊन ऐकत असे. वॉशिंग्टनमध्ये 'फुगाझी' नावाचा चौघांचा एक वाद्यमेळ होता. १९८७ पासून २००२ पर्यंत तो देशोदेशी वाजवीत हिंडला. प्रवेशाला बहुधा पाच डॉलर, फार तर थोडे अधिक. आणि कोणत्याही वयाच्या माणसाला दार मोकळे. या संगीताच्या जलशात पुढे उभे राहून एकमेकांना धडका मारण्याचा, लोकांच्या डोक्यावर उड्या टाकण्याचा एक रिवाज आहे. त्यात दुबळ्याचा, लहानाचा, बाईमाणसाचा चेंगरून जीव जायची पाळी येते. फुगाझीचे इयान मकाय असे काही दिसले की गाणे थांबवीत आणि त्या गड्याला वरूनच समजावीत. ऐकले तर ठीक; नाहीतर पाच डॉलरची नोट घातलेले पाकीट त्याच्या हातात पडे आणि त्याला दार दाखवले जाई. अशी पाकिटे तयारच असत.

दांडगाई करणाऱ्याला कोणताही नाटकगृहाचा मालक बाहेर काढील. त्यात नवल नाही. पण तो पैसे परत देणार नाही. तिकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेलेच असते की, प्रवेशाचा हक्क व्यवस्थापकांच्या स्वाधीन. मग या लोकांनी पैसे का द्यावेत? मला वाटते, त्या पाकिटात त्यांचे सगळे तत्त्वज्ञान भरलेले होते. तुझे-आमचे नाते पाच डॉलरचे आहे असे तू समजत असशील तर हे घे, ते फिटले. आणि आत राहायचे असेल तर ते दुसऱ्या कुठल्या तरी नात्याने राहा, असा त्याचा अर्थ.

हे दुसरे नाते उत्पन्न कसे झाले, त्याची हकीकत मोठी मौजेची आहे. १९८० साली वॉशिंग्टनची काही शाळकरी पोरे 'टीन आयडल्स' या नावाने वाजवीत असत. मद्य विकणाऱ्या जागांत अल्पवयीनांना मज्जाव, आणि संगीताचे जलसे तर तिथेच होत. म्हणजे ज्यांचे संगीत त्यांनाच प्रवेश बंद! ही पोरे सॅन फ्रान्सिस्कोला गेली असता एका क्लबाने त्यांच्या हातांवर काळी फुली काढून त्यांना आत घेतले: ज्याच्या हातावर फुली त्याला मद्य द्यायचे नाही, बाकी खुशाल ऐकू द्यायचे. परत येऊन त्यांनी ही तोड आपल्या गावच्या क्लबाला सुचवली. बंदीची खूण पुढे त्या पिढीने बिल्ल्यासारखी मिरवली. थोड्याच दिवसांत वाद्यमेळ मोडला. जलशांतून साठलेले सहाशेक डॉलर होते. चौघांत वाटून घेतले असते तर कुणाचे काय भले झाले असते? त्यांनी त्या पैशांतून स्वतःची एक तबकडी काढली, हजार प्रती, आणि तिची पाकिटे घरी बसून कापली, दुमडली, चिकटवली. 'डिस्कॉर्ड' ही त्यांची संस्था तिथून सुरू झाली ती अजून चालते आहे. वाद्यमेळांशी तिचे लेखी करार नसत. तबकडीच्या पाकिटावर टपालखर्चासह किंमत छापलेली असे, म्हणजे मधल्या दुकानदाराने जास्त लावले तर घेणाऱ्याला कळावे. मॅनेजर नाही, दलाल नाही. कार्यक्रम ठरवण्याचे फोन मकाय स्वतः करीत. १९९३ साली न्यूयॉर्कमध्ये अटलांटिक या बड्या कंपनीचे प्रमुख स्वतः पडद्यामागे येऊन भेटले, वाटेल त्या अटींवर या म्हणाले. हे गेले नाहीत.

इथपर्यंत ऐकून माझ्यातला जुना माणूस सुखावला. निःस्पृहतेच्या गोष्टींवर आपण वाढलेलो आहोत, आणि निःस्पृह माणूस कर्कश गात असला तरी आपल्याला आवडतो. पण गोष्ट एवढीच असती तर मी हा लेख लिहिला नसता.

कंत्राटदाराला शिव्या देणे फार सोपे आहे. (कार्यक्रमांच्या आयोजकाला आमच्या नाटक-तमाशाच्या जगात कंत्राटदार म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना ओठ थोडे वाकडे करण्याची रीत आहे.) पण त्याची बाजू एकदा नीट मांडून पाहावी. सभागृहाचे भाडे तो आगाऊ भरतो. ध्वनिक्षेपक, दिवे, जाहिरात, राखणदार, कलावंतांची ठरलेली बिदागी, हे सगळे त्याच्या अंगावर. पाऊस पडला, माणूस फिरकला नाही, तरी बिदागी चुकत नाही. मग जो तोटा सोसायला तयार आहे, त्याने नफा घेतला तर बिघडले कुठे?

आणि कंत्राटदार सगळे एका साच्याचे नसतात. दक्षिण कॅलिफोर्नियात गॅरी टोवार नावाच्या गृहस्थाने १९८१ मध्ये 'गोल्डनव्हॉइस' नावाने पंक जलसे भरवायला सुरुवात केली. मारामाऱ्या आणि पोलिसांचे छापे यांमुळे या संगीताला कुणी जागा देत नसे, त्या वेळी त्याने मोठी सभागृहे मिळवून दिली. त्यात त्याला खोट येई आणि ती तो गांजाच्या चोरट्या व्यापारातून भरून काढी! १९९१ मध्ये तो पकडला गेला आणि त्याने कित्येक वर्षे तुरुंगात काढली. संस्था सहकाऱ्यांकडे गेली. त्यांनी १९९९ मध्ये वाळवंटात 'कोचेला' महोत्सव भरवला, पहिल्याच वर्षी जबर मार खाल्ला, आणि २००१ मध्ये संस्था एका प्रचंड कंपनीला विकली. आज कोचेला म्हणजे केवढी उलाढाल आहे! आता मला सांगा, या परंपरेत व्यापारी कोणाला म्हणावे आणि रसिक कोणाला? गुन्ह्याच्या पैशाने पदरमोड करून गाणे जगवणाऱ्या माणसाला कोणत्या रकान्यात घालावे? मला तरी सुचलेले नाही.

म्हणून नफा हा निकष मी सोडून दिला आणि तोट्याकडे पाहू लागलो. खोट आली तर ती कुणाच्या अंगावर जाते, एवढे पाहिले की पुष्कळ गोष्टी उलगडतात. १९८० नंतरच्या दशकात लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेवार्डवर एक पद्धत रूढ झाली, आणि ती इतर शहरांतही पसरली. नव्या वाद्यमेळाला वाजवायचे असेल तर त्याने ठरावीक तिकिटे स्वतःच आगाऊ विकत घ्यायची आणि आत्या-मावश्यांच्या, मित्रांच्या गळ्यात मारायची. खपली नाहीत तर नुकसान पोरांचे. जागावाल्याचे पैसे आधीच वसूल. इथे कंत्राटदार धोका पत्करतो म्हणून नफा घेतो, हे समर्थनच उरले नाही. धोका खाली सरकला आणि नफा वर राहिला. पुढे तर जलसे भरवणारी लाइव्ह नेशन आणि तिकिटे विकणारी टिकेटमास्टर या दोन कंपन्याच २०१० मध्ये एक झाल्या. २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या न्यायखात्याने मक्तेदारीबद्दल त्यांच्यावर दावा लावला. पण एवढ्या उंचीवर गेल्यावर दारावर माणूस उरतच नाही, नुसते दार असते. तेव्हा तो विषय इथेच सोडतो.

माझा विषय दारावरच्या माणसाचा आहे, आणि तो मनात का घर करून आहे ते सांगितले पाहिजे. आमच्या गावी एक गायनमंडळ होते. चाळीसेक सभासद, बेताची वर्गणी, शाळेचा मोठा वर्ग. बाके बाहेर काढायची आणि सतरंज्या घालायच्या, हे काम माझ्याकडे असे. बुवा-बाईंची उतरण्याची सोय कुणाच्या तरी घरी, बिदागी कमी पडली की चौघांची पदरमोड. शाळेचा शिपाई दाराशी बसे. तो सभासद नव्हता. पण भैरवीपर्यंत हलत नसे, आणि नंतर माझ्याबरोबर सतरंज्यांच्या घड्या घाली. कोणत्या गवयाचा षड्ज कसा लागला, हे मला त्याच्याशी बोलताना नीट कळे.

मग एक कंत्राटदार भेटला. माणूस सज्जन होता, त्याने कुणाला फसवले नाही. म्हणाला, "तुम्ही कशाला राबता? नुसते या आणि ऐका." आम्ही थकलो होतो, आनंदाने हो म्हटले. खुर्च्या आल्या, ध्वनिक्षेपक आला, कधी स्वप्नात न आलेले गवई आले. दुसऱ्या वर्षी रांगांप्रमाणे दर झाले. तिसऱ्या वर्षी मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. मध्यंतरात बाहेर आलो, तर फाटकापलीकडे तो शिपाई उभा; आतले जेवढे ऐकू येईल तेवढे ऐकत होता. आमची नजरानजर झाली. चहावाल्याकडे काही काम असल्यासारखे करून मी वळलो. चौथ्या वर्षी हिशेब जमेना म्हणून कंत्राटदाराने आमचे गाव सोडले. त्याचा तो धंदा होता. पण तोवर सतरंज्या घालण्याची आमची सवय मोडली होती, आणि मंडळ पुन्हा उभे राहिले नाही.

याचा अर्थ आपले आपण करणारांच्या दारात सगळे पावन होतात असे मात्र नाही. कॅलिफोर्नियात बर्कली इथे गिलमन स्ट्रीटवरच्या एका गोदामात १९८६ च्या ३१ डिसेंबरला एक जागा सुरू झाली. सभासदांची नाममात्र फी; दारावर, ध्वनीवर, झाडूवर सगळे स्वयंसेवक. मद्य नाही, मारामारी नाही, वंशद्वेष नाही, स्त्रियांची विटंबना नाही. कामाने माणसे टेकीला येतात, तशी तिथेही आली. १९८८ मध्ये जागा बंद पडली, पण दुसऱ्या पोरांनी पुढे होऊन ती उघडली. बड्या कंपनीशी करार केलेल्या वाद्यमेळाला तिथे वाजवता येत नसे. त्याच दारात लहानाचा मोठा झालेला 'ग्रीन डे' हा वाद्यमेळ १९९३ मध्ये बड्या कंपनीकडे गेला, आणि त्याला आपलेच घर बंद झाले. नियम म्हणून हे मी समजू शकतो. पण १९९४ च्या मे महिन्यात त्याच जागेत जेलो बियाफ्रा या गायकाला काही जणांनी 'विकला गेलास' असे ओरडत मारहाण केली आणि त्याचा पाय जायबंदी केला. या गृहस्थाची स्वतःची स्वतंत्र तबकडी-संस्था १९७९ पासून होती. तो कुणाला विकला गेलेला नव्हता! कंत्राटदार निदान खिशातले पैसे पाहतो. हे लोक अंतःकरणाची झडती घेऊ लागले.

आणखी एक शंका मला छळते. फुकट राबायलाही ऐपत लागते. संध्याकाळी दुसरी नोकरी करणाऱ्या मुलाने झाडू कधी मारावा? वॉशिंग्टनच्या त्या पोरांतली पुष्कळशी बऱ्यापैकी घरची होती, आमच्या मंडळाचे चाळीस सभासदही वकील, मास्तर आणि पेढीवाले. आमच्यात पदरमोड करणारे होते, कारण पदर होता. शिपायाला आम्ही आत घेत होतो, पण सभासद कधी केले नाही, हे मला परवापरवापर्यंत सुचलेदेखील नव्हते.

तरी मला विचाराल तर माझे मन सतरंजीकडेच झुकते. चुकलेल्या नियमाशी गिलमनची मंडळी निदान सभेत भांडू तरी शकत होती. २०१५ च्या मे महिन्यात ग्रीन डे त्या दारातून पुन्हा आत गेले, एका छोट्या प्रकाशनसंस्थेला आगीने झालेले नुकसान भरून काढायला निधी जमवण्यासाठी. बावीस वर्षे लागली, पण दार उघडणारी माणसे तिथे होती.

भाच्याचेही केस आता पिकू लागले आहेत. गेल्या उन्हाळ्यात तो आला होता, तेव्हा माळ्यावरचा मंडळाचा पत्र्याचा डबा त्याला सापडला. त्यात शेवटच्या वर्षाची वर्गणीची वही होती आणि माझे दुसऱ्या रांगेचे तिकीट. शिपायाची हकीकत मी त्याला प्रथमच सांगितली. तो बराच वेळ ते तिकीट उलटेपालटे करीत राहिला.

"मामा, तुम्ही त्यांना आत का नाही घेऊन गेलात?"

"माझ्याकडे एकच तिकीट होते," मी म्हटले.