धडधाकट भावंडाचे दुःख



धम्म स्वीकारल्यावर आपण घरातले देव काढले, गंडेदोरे तोडले, उपासतापास सोडले. पण घरात एखादे मूल अपंग निघाले की जुने शब्द मागल्या दाराने परत येतात. "मागच्या जन्मी काय पाप केले होते कोण जाणे!" असे एखादी आजी सहज बोलून जाते. मागल्या जन्मीच्या कर्मामुळे या जन्मी दुःख भोगावे लागते, ही बुद्धाची शिकवण नव्हे, हे बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मांडले आहे. सेरेब्रल पाल्सीचेच घ्या. दिवस भरण्याआधी झालेले बाळंतपण, प्राणवायूची कमतरता, वाढलेली कावीळ, अशा कारणांनी बाळाच्या मेंदूला इजा होते. पाप कोणाचेच नाही. आईबापांना आपण हे आता सांगू लागलो आहोत. पण त्या मुलाच्या बहिणीला, भावाला कोणी सांगितले का? सात-आठ वर्षांचे मूल मनात धरून बसते की, मी त्याच्यावर रागावलो म्हणून तो असा झाला. विचारल्याशिवाय ते बोलत नाही, आणि आपण विचारत नाही.

माझ्या ओळखीच्या घरात एक अकरा वर्षांची मुलगी आहे. धाकट्या भावाला भरवणे, त्याचे कपडे बदलणे, आई कामावरून येईपर्यंत त्याच्याजवळ बसणे, हे सारे तिच्याकडे. रविवारी विहारात सगळे म्हणतात, "किती गुणाची पोर! दुसरी आईच." मीही म्हटले आहे. एकदा भावापायी तिची शाळेची सहल बुडाली. पाणी भरता भरता ती पुटपुटली, "हा नसता तर बरे झाले असते." आईने थोबाडीत दिली. म्हणाली, "हीच का तुझी करुणा?"

आता तुम्हीच विचार करा. त्या पोरीत करुणा नव्हती का? रोज तोच घास ती भरवत होती. मनात द्वेष आला असेल तर आला आहे हे ओळखावे, अशी शिकवण सतिपट्ठान सुत्तात आहे. थोबाडीत खाऊन राग जात नाही, लपतो. आणि आपले कौतुक? ते तिला बोलूही देत नाही. गुणाची पोर म्हटल्यावर तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

याहून कठीण प्रश्न पुढे आहे. जन्मावरून ठरवून दिलेली कामे आपण नाकारली. मग बहीण म्हणून जन्मली एवढ्यावरून तिचे सारे आयुष्य आपण कसे ठरवतो?

कोणी म्हणेल, आईबाप मजुरीला जातात, दुसरे कोण करणार? प्रश्न खोटा नाही. पण विनयातील ती गोष्ट आठवा. हगवणीने पडलेल्या एका भिक्खूकडे कोणी पाहत नव्हते. बुद्धांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. एकाने डोके, दुसऱ्याने पाय धरून त्याला खाटेवर ठेवले. मग बुद्धांनी शुश्रूषेचे काम साऱ्या संघावर सोपवले. कोण्या एका लहान श्रामणेराच्या गळ्यात ते बांधले नाही.

"आमच्यामागे तुलाच बघायचे आहे," हे वाक्यही लहान मुलापुढे नको. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मतिमंदत्व व बहुविकलांगत्व यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. कायदेशीर पालक नेमण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे असते. आईबापांनी तिथे स्वतः जाऊन विचारावे.

त्या मुलीच्या मामाने आता शनिवारची दुपार आपल्याकडे घेतली आहे. तेवढ्या वेळात काय करतेस, असे मी तिला विचारले. काही नाही, म्हणाली. मैत्रिणीच्या ओट्यावर बसते.