अपूर्वाई आणि उत्तरदायित्व

प्रवासवर्णन आणि प्रवासातील छायाचित्र ही सख्खी भावंडे होत. पु. ल. देशपांडे यांच्या युरोपप्रवासाच्या पुस्तकाचे ‘अपूर्वाई’ (१९६०) हे नावच दोहोंचे मर्म सांगून जाते : पूर्वी न पाहिलेले पाहण्याचा आनंद. आल्प्सच्या शिखरांसमोर उभ्या राहिलेल्या भारतीय छायाचित्रकाराला हा आनंद निर्भेळ लाभतो. पण तो निर्भेळ का असतो? त्या दरीत कोण राहते, तेथील कोणते गाव धरणाखाली गेले, हे त्याला ठाऊक नसते. ते ठाऊक असावे अशी अपेक्षाही कोणी करीत नाही. दूरचे सौंदर्य केवळ दृष्टी मागते; जवळचे सौंदर्य जाबही विचारते.

भिलाईत राहणाऱ्या छायाचित्रकाराला हा भेद टाळता येत नाही. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. तेव्हापासून दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतील लोहखनिज या भट्ट्यांत वितळत आले आहे. पावसाळा सरल्यावरच्या स्वच्छ उन्हात पायऱ्यापायऱ्यांनी कापलेले ते तांबूस कडे असे उजळतात की, कोणाही रसिकाचा हात कॅमेऱ्याकडे जावा. परक्या देशात हे दृश्य टिपून तो पुढे निघून गेला असता. येथे मात्र आपले घर, मुलांची शाळा, वसाहतीतील रस्त्यांवरची सावली हे सारे त्या सोललेल्या डोंगराच्या मोबदल्यात आले आहे, याची जाणीव त्याला असते. हिमालयाची छायाचित्रे काढण्यासाठी देशभरचे प्रवासी ज्या रुळांवरून जातात, त्यांतले कित्येक रूळ येथेच घडले आहेत.

मग अशा डोंगराचे सुंदर चित्र काढणे म्हणजे जखमेला अलंकार घालणे नव्हे काय? अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स याने आपल्या कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वत आयुष्यभर टिपला. १९४० साली तेथे किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झाले, त्यात त्याच्या चित्रांचा मोठा वाटा होता. जवळच्या निसर्गावरील प्रेम कृतीत उतरल्याचे हे उदाहरण खरेच. परंतु त्याच्या चौकटीत माणूस क्वचितच येतो. भिलाईकराला ही सोय नाही. त्याच्या चौकटीतून माणूस वगळला, तर प्रथम तो स्वतःच वगळला जाईल.

राजहऱ्याचे साठे ओसरत चालल्याने आता रावघाटच्या वनाच्छादित डोंगरांकडे लोहमार्ग नेण्यात आला आहे. तेथे जाणाऱ्या छायाचित्रकाराने केवळ अरण्याची शोभा टिपली तर ते अर्धसत्य, आणि केवळ खाणीचा ओरखडा टिपला तर तेही अर्धसत्यच. अरण्य, तेथील गावे आणि ते खनिज ज्याच्या घरात पोलाद होऊन येते तो आपला उंबरठा, ही तिन्ही एकाच चित्रमालिकेत आणणे हा त्याचा धर्म ठरतो. परदेशाने त्याची नजर तयार केली असेल. पण त्या नजरेचा कस येथेच लागणार आहे.